आधी वाचता येऊ द्या!
मुदखेडच्या फ्लेक्स-डीटीपीवाल्यांना खुले पत्र

प्रति,
मुदखेड शहर आणि तालुक्यातील सर्व डीटीपी ऑपरेटर, फ्लेक्स-बॅनर करणारे, लग्नपत्रिका छापणारे आणि पाट्या रंगवणारे यांस,



तुमच्या हातून रोज जेवढी अक्षरं गावात येतात, तेवढी गावातल्या कोणत्याही लेखकाच्या, मास्तराच्या किंवा पुढाऱ्याच्या हातून येत नाहीत. पुस्तक ज्याला हवं तोच उघडतो. तुमचा फ्लेक्स मात्र वाचायची इच्छा असो-नसो, प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे येतो. शाळेत जाणारी लेकरं तो वाचतात, फुलांचे कॅरेट घेऊन बाजाराकडे निघालेला शेतकरी वाचतो, सीआरपीएफच्या प्रशिक्षण केंद्रात परराज्यातून आलेला जवानही त्याच्याकडे बघतो. असं असताना मराठी अक्षरांच्या चर्चेत तुम्हाला कोणी विचारत नाही. परिसंवाद पुण्या-मुंबईत होतात आणि अक्षरं मात्र मुदखेडच्या गल्लीत, कोरल उघडून बसलेल्या पोराच्या हातून पडतात. म्हणून हे पत्र थेट तुम्हाला.

माझं म्हणणं एवढंच आहे की अक्षर आधी वाचलं गेलं पाहिजे. ते मोठं, चकचकीत आणि सोनेरी नंतर होऊ द्या. अक्षररचनेचे जे नियम जगभर शिकवतात, त्यांच्या मुळाशी हीच गोष्ट आहे.

चौकातल्या दहा बाय वीसच्या बॅनरचंच घ्या. ताशी ४० किलोमीटरनं येणारी मोटारसायकल एका सेकंदात ११ मीटर पुढे सरकते. बॅनर ४० मीटरवरून दिसायला लागला असं धरलं, तर तो मागे पडेपर्यंत चार सेकंदही मिळत नाहीत. त्यातला एखादा सेकंद खड्डा चुकवण्यात जातो. राहिलेल्या वेळात माणूस फार तर सात-आठ शब्द वाचेल. आपण बॅनरवर घालतो सत्तर-ऐंशी, शिवाय तीस फोटो. पाट्या करणाऱ्यांचा एक जुना ठोकताळा आहे, की दर दहा फुटांच्या अंतराला अक्षराची उंची किमान एक इंच हवी. ४० मीटर म्हणजे सुमारे १३० फूट. तेव्हा मुख्य शब्दाची उंची १३ इंचांच्या खाली गेली की तो रस्त्यावरच्या माणसासाठी उरत नाही. हा हिशेब इंग्रजी अक्षरांवर बेतलेला आहे. आपल्या अक्षरांना वर वेलांट्या आणि खाली उकार असतात, मधल्या अंगाला जागा कमी उरते, म्हणून देवनागरीला थोडं जास्तच धरलेलं बरं.

आता सगळेच शब्द १३ इंची करता येणार नाहीत. तिथेच खरं काम सुरू होतं. कोणी, कुठून आणि किती वेळात वाचायचं, हे आधी ठरवायचं आणि त्याप्रमाणे शब्दांना लहान-मोठी जागा द्यायची. श्रद्धांजलीच्या बॅनरवर सगळ्यात आधी गेलेल्या माणसाचं नाव वाचता आलं पाहिजे. त्यानंतर अंत्यविधी किंवा दहाव्याची तारीख आणि ठिकाण. प्रत्यक्षात काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ सगळ्यात मोठं, त्याखाली शोकाकुल मंडळींचे हसरे फोटो, आणि गेलेला माणूस नेमका कोण हे कळायला गाडी थांबवावी लागते. (असे बॅनर परवानगीशिवाय लावावेत का, हा वेगळा विषय आहे. त्यावर कोर्टाचं पुष्कळ सांगून झालंय.)

लहान-मोठेपणाची ही रीत शिकायला कुठल्या कॉलेजात जायची गरज नाही. तुमच्या दुकानाच्या भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं असेल. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ते सुरू केलं. एका चौकोनात किती मजकूर असतो बघा. तारीख, तिथी, नक्षत्र, सण, जयंती, संकष्टी असेल तर चंद्रोदयाची वेळ. एवढं असून तारीख खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसते, रविवार लाल रंगामुळे वेगळा कळतो, आणि तिथी पाहायची असेल तर माणूस आपण होऊन जवळ जातो. लांबून वाचायचं ते मोठं, जवळ जाऊन वाचायचं ते बारीक. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून निघालेले जुने संस्कृत ग्रंथ कुठे मिळाले तर तेही उघडा. मूळ श्लोक ठळक, मोठ्या टायपात, खाली टीका बारीक टायपात. वाचणाऱ्याला न सांगता कळतं की कालिदास कुठे संपला आणि टीकाकार मल्लिनाथ कुठे सुरू झाला. फरक दाखवायला त्यांच्याकडे ना सावली होती, ना ग्रेडियंट. टायपाचा आकार आणि कोरी जागा, एवढ्यावर भागलं.

निर्णयसागरचं नाव निघालं म्हणून थोडं त्याबद्दल. जावजी दादाजी हा १८३९ साली जन्मलेला, गरिबीतून वर आलेला माणूस. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली तो टाइपाचं काम शिकला, १८६४ साली त्यानं स्वतःची टाइप फाउंड्री काढली आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू हे त्याचे अक्षर कोरणारे सहकारी. पोलादाच्या टोकावर उलटं अक्षर कोरायचं, ते तांब्यात ठोकून साचा करायचा, त्यात शिशाचा रस ओतून खिळा पाडायचा, असा सगळा उद्योग होता. या लोकांनी देवनागरीला असं वळण दिलं की पुढे मराठी आणि संस्कृत छपाईचं मोजमाप तेच झालं. तुमच्या-माझ्यासारखीच कारागीर माणसं ही, एवढं लक्षात असू द्या.

त्या शिशाच्या खिळ्याचा एक मोठा गुण होता. तो ताणता येत नव्हता. ओळ मोठी झाली तर कंपोझिटर लहान टाइप घ्यायचा किंवा मालकाला मजकूर कमी करायला सांगायचा. अक्षराचा कोपरा माऊसनं धरून ते चेपायची सोय आता कॉम्प्युटरनं आपल्याला दिली. चौकटीत बसत नाही, चेप. जागा रिकामी राहते, ताण. पण अक्षर आडवं ताणलं की उभ्या रेघा जाड होतात आणि शिरोरेषा होती तेवढीच बारीक राहते. उभं ताणलं तर उलटं होतं. ज्यानं ते अक्षर काढलं त्यानं जाड-बारीकचा जो मेळ साधलेला असतो, तो एका झटक्यात जातो. वाचणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण पाटी हलकी वाटते. रुंद अक्षर हवं असेल तर रुंद घडणीचा फॉन्ट घ्या, निमुळतं हवं असेल तर निमुळता घ्या. माझं ऐकून एकच सवय सोडायची असेल तर ही सोडा.

दुसरा घोळ अक्षरांमधल्या अंतराचा. इंग्रजी डिझाइनची नक्कल करताना अक्षरं लांब-लांब ठेवायची फॅशन आली आहे. इंग्रजीत ते खपतं, कारण तिथलं प्रत्येक अक्षर सुटंच असतं. आपल्याकडे शब्द शिरोरेषेनं बांधलेला आहे. अंतर वाढवलं की रेघ तुटते आणि ‘मुदखेड’चे चार तुकडे चार दिशांना जातात. मोडी लिहिणारे तर आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायचे आणि मग तिला अक्षरं लटकवायचे. रेघ हाच तिथे आधार होता. निजाम काळातले तसले कागद २०२३ साली कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी मराठवाड्यातल्या कचेऱ्यांतून बाहेर निघाले, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली ती आपण पाहिलीच. असो. देवनागरीत अक्षरांमधलं अंतर शून्यावरच ठेवा. मोकळेपणा हवा असेल तर तो शब्दांच्या आणि ओळींच्या मध्ये द्या.

ओळींच्या मधल्या जागेत आपण फारच कंजुषी करतो. छापखान्यात दोन ओळींच्या मध्ये शिशाच्या पट्ट्या घालायचे. इंग्रजीत या जागेला अजूनही ‘लेडिंग’ म्हणतात ते त्यामुळेच. आपल्या लिपीला तीन मजले आहेत. मधल्यात अक्षर, वर वेलांटी-मात्रा-रफार-अनुस्वार, खाली उकार आणि काही जोडाक्षरांचे पाय. इंग्रजीच्या हिशेबानं बसवलेलं अंतर तसंच ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. ‘पूर्णा’ खाली ‘कीर्ती’ बसवून बघा. अक्षर १२ पॉइंटचं असेल तर ओळीला १६ ते १८ पॉइंटची चाल द्या. लग्नपत्रिकेत ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ पासून ‘आपले नम्र’ पर्यंत जो गिचमिड कारभार होतो, त्यातला निम्मा एवढ्यानंच सुटेल. पत्रिकेचा मजकूर मध्यावर घ्यायची रीत आहे, ती राहू द्या, छान दिसते. पण शाळेची सूचना, दवाखान्याच्या वेळा, भावफलक हे डाव्या बाजूनं एका रेषेत सुरू करा. नवी ओळ कुठे सुरू होते हे डोळ्याला शोधावं लागू नये.

फॉन्ट किती वापरावेत? एका कामात दोन पुरे. खरं म्हणजे एकही पुरतो, जर त्यात बारीकपासून ठळकपर्यंत वजनं असतील. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्त’ घ्या, त्यात सात वजनं आहेत आणि तो फुकट, कायदेशीर मिळतो. त्यांचाच ‘बालू’ गुबगुबीत आहे, लेकरांच्या बारशाला आणि वाढदिवसाला झकास बसतो. गंभीर मजकुराला ‘तिरो देवनागरी मराठी’ आहे. त्यात ‘ल’ आणि ‘श’ आपल्या मराठी वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही. राज्य सरकारनं ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात मराठीची वर्णमाला आणि ही वळणं ठरवून दिली आहेत. तरी आपल्या पाट्यांवर हिंदी ‘ल’ सर्रास दिसतो, कारण फॉन्ट तसा मिळाला आणि कोणी बघितलं नाही.

सजवलेल्या अक्षराला माझा विरोध आहे असं समजू नका. कमल शेडगे २०२० साली गेले. मराठी नाटकांची शीर्षकं त्यांनी अशी काढली, की नाटक ऐतिहासिक आहे का फार्स, हे वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत नाव बघूनच कळायचं. पण त्या जाहिरातीत नाव एवढंच कलाकुसरीचं. थिएटर, वेळ, तिकीट सगळं साध्या टायपात. सजावट एका जागी केली म्हणून ती उठून दिसली. आपण नावाला बाहेरून पांढरी रेघ, तिला काळी रेघ, तिला सोनेरी, वर सावली आणि आतून चमक देतो. अक्षराच्या पोटातली पोकळी त्या रेघांनी भरून जाते आणि ‘घ’, ‘ध’, ‘छ’ लांबून सारखेच दिसायला लागतात. मुदखेड जंक्शनवर गाडी येते तेव्हा पिवळ्या पाटीवरचं काळं नाव चालत्या गाडीतून वाचता येतं. रंगांचा एवढा सरळ विरोध आणि बाजूला मोकळी जागा, बस्स.

आता जरा बोचणारं बोलतो. मुदखेडातच नव्हे, नांदेड-लातूरपासून मंत्रालयापर्यंत छापलं जातं, ‘शेतकर्यांना’, ‘श्रध्दांजली’, ‘प्रसिध्द’. चूक दर वेळी लिहिणाऱ्याची नसते. श्रीलिपी, आकृती, कृतीदेव अशा जुन्या फॉन्टांचा प्रत्येकाचा कीबोर्ड निराळा, त्यात काही जोडाक्षरं सापडत नसत, मग जे सापडेल ते दाबायचं अशी सवय लागली. आता गिऱ्हाईक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर युनिकोडमध्ये पाठवतं. तो जुन्या कोरलमध्ये चिकटवला की पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि ‘शिक्षण’ची वाट लागते. उपाय आहेत. ‘शेतकऱ्यांना’ मधला अर्धा र वेगळा आहे, तो नुक्त्याच्या ‘ऱ’ ला हलन्त देऊन येतो. ‘र’ ला हलन्त दिला तर रफारच होणार. ‘श्रद्धा’मध्ये द आधी, ध नंतर, त्याच क्रमानं टाइप करा, चांगला फॉन्ट जोडाक्षर स्वतः जुळवतो. इनडिझाइन आणि फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्यांत ‘वर्ल्ड-रेडी’ नावाची सोय आहे, ती चालू केली की वेलांट्या जागेवर येतात. विंडोजमधला ‘मंगल’ हा फॉन्ट आपल्या र. कृ. जोशींनी मायक्रोसॉफ्टसाठी केला, तेव्हापासून कॉम्प्युटरच्या पडद्यावर नीट मराठी दिसायची सोय झालेली आहे. पंचवीसेक वर्षं झाली त्याला. मात्र तो पडद्यावर वाचण्यासाठी केलेला आहे. वीस फुटी बॅनरवर तोच लावू नका.

आपल्या भागाची एक खासियत मुंबईवाल्यांच्या लक्षात येणार नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो, कचेरीची भाषा उर्दू होती. आजही गावात उर्दू वाचणारी घरं आहेत. नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्यापाशी गुरुमुखी आहे. इथून आदिलाबादची गाडी धरली की पाट्या तेलुगू होतात, आणि फुलांचा माल हैदराबादेला जातो तेव्हा खोक्यावर इंग्रजी लागतंच. एका पाटीवर दोन-तीन लिप्या बसवायचं काम तुमच्याएवढं पुण्यातल्या स्टुडिओंना क्वचितच करावं लागत असेल. मग ते नीट करा की! प्रत्येक लिपी आपापल्या चालीनं चालते. उर्दूचा नस्तालिक उजवीकडून डावीकडे उतरत येतो, त्याला उंचीला जागा द्यावी लागते. त्याला देवनागरीच्या पट्टीत कोंबलं तर तो मोडतो. तेलुगूला शिरोरेषा नाही, पण जोडाक्षरं खाली लोंबतात, म्हणून तिला खाली मोकळं सोडा. आणि जी लिपी आपल्याला येत नाही, ती वाचता येणाऱ्या माणसाला दाखवल्याशिवाय छापू नका. एप्रिल २०२५ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवरचं उर्दू सुप्रीम कोर्टानं कायम ठेवलं. मराठीसोबत उर्दू असायला हरकत नाही, असा तो निकाल. पाटीवर दोन लिप्या राहणार असतील तर दोन्ही सुबक असाव्यात, एवढं तर आपल्या हातात आहे.

दुकानांच्या पाट्यांबाबत कायदाही अक्षराच्या आकारावर बोलतो. दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ साली दुरुस्ती झाली. लहान-मोठ्या सगळ्या दुकानांना देवनागरीत मराठी पाटी सक्तीची झाली, आणि मराठी अक्षर इतर भाषेच्या अक्षरापेक्षा लहान नको असंही त्यात आलं. इथे एक गोम आहे. कॉम्प्युटरमध्ये मराठीला आणि इंग्रजीला सारखाच पॉइंट दिला तरी इंग्रजी कॅपिटल अक्षरं मोठी दिसतात, कारण देवनागरीची बरीचशी उंची वरच्या-खालच्या मात्रांसाठी राखलेली असते. आकडा सारखा करून भागत नाही, डोळ्यांनी मापून मराठी वाढवावं लागतं.

मला ठाऊक आहे, तुम्ही म्हणाल, ‘सगळं पटतंय हो, पण गिऱ्हाईक ऐकंना झालंय.’ खुर्ची ओढून शेजारी बसतं आणि म्हणतं, ‘नाव अजून मोठं करा, ह्याचा फोटो वर घ्या, मोकळी जागा कशाला सोडलीय, पैसे तर पूर्ण फ्लेक्सचे घेता.’ खरं आहे. फ्लेक्सचा भाव चौरस फुटावर असल्यामुळे मोकळी जागा गिऱ्हाइकाला वाया गेलेले पैसे वाटतात. त्याच्याशी वाद घालू नका. दोन नमुने करा, एक त्याचा, एक तुमचा. दोन्ही मोबाइलवर अंगठ्याच्या नखाएवढे करून दाखवा आणि विचारा, यातलं काय वाचता येतंय? बॅनर लांबून दिसतो तो तेवढाच. नावासाठी आलेल्या माणसाला आपलं नाव कुठल्या नमुन्यात वाचता येतं, हे त्याचं त्यालाच कळतं. तरीही नाही ऐकलं तर त्याच्या मनासारखं करून द्या, धंदा आहे. पण पुढच्या वेळी पुन्हा दोन नमुने दाखवा.

आणि जिथे गिऱ्हाईक मध्ये पडत नाही, तिथे तर कारण सांगायला जागा नाही. शाळेच्या भिंतीवरची सूचना, दवाखान्याच्या वेळा, रक्तदान शिबिराची पाटी, एसटीचं वेळापत्रक, फुलांच्या खोक्यावरचं लेबल. यात कोणाचा फोटो मोठा करायचा नसतो. ही कामं तुमच्या मनाप्रमाणे होऊ शकतात. सुरुवात तिथूनच करा. येत्या लग्नसराईत मुदखेडहून निघणाऱ्या प्रत्येक पत्रिकेवर मुहूर्त, लग्नाचं ठिकाण आणि फोन नंबर चष्मा घरी विसरलेल्या आजोबांनाही वाचता आला पाहिजे, एवढं तरी कराच.

आपला,
मुदखेडचा एक वाचक